उजव्या कानाचं वर्ष

डिसेंबर लागला की जुईली विचारते, यादी कुठाय?
गेली नऊ वर्षं आम्ही दोघी
वर्षभरातले आवडते अल्बम लिहून पाठवतो एकमेकींना,
दहा तिचे, दहा माझे,
आणि मग महिनाभर भांडतो.

यंदा मला काही आठवेना, म्हणून फोनलाच विचारलं.
फोन म्हणाला, तुम्ही सर्वाधिक ऐकलंत:
मिक्सरचा आवाज, अखंड, दहा तास.
दुसऱ्या क्रमांकावर टेबलफॅन.
(टेबलफॅनची दोन रेकॉर्डिंग्ज आहेत.
दुसरं जास्त चांगलं. यावर मी वाद घालू शकते.)

मार्चमध्ये रेवा झाली.
तेव्हापासून वारज्यात, हायवेच्या बाजूच्या खोलीत,
गाणी ऐकली ती ओट्याशी उभ्यानं
चार घास खाऊन घ्यावेत तशी.

एक अल्बम पहिल्या तीन गाण्यांपुरताच माझा आहे.
चौथं लागलं की ती उठते. दर वेळी.
जणू त्यात कुणी तिला हाक मारतं.
तो कसा संपतो मला माहीत नाही.
कुणी सांगू नका.

एक सारंगीचा, फार नावाजलेला.
तोडीचा आलाप चालू असताना दुपटी वाळत घालून झाली,
घुटी उगाळून झाली,
हळकुंडाचे सात वळसे, जायफळाचे दोन,
आणि बंदिशीला तोंड फुटतंय तोच
मालिशवाल्या हौसाबाई दारात.
कोण गेलं, म्हणाल्या.
मी बंद केलं.

एक कौस्तुभनं लावला होता गाडीत,
लस टोचून परत येताना, कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला.
मागच्या सीटवर रेवा आणि मी, दोघीही रडत होतो.
त्यानं काही न बोलता आवाज वाढवला.
कोण गात होती, विचारायचं राहिलं,
आता त्यालाही आठवत नाही.
एकशेवीस सेकंदांचा सिग्नल.
तो आठव्या क्रमांकावर.

पण पहिल्याबद्दल नीट लिहायला हवं.
नऱ्ह्यातल्या पोरांचा अल्बम, 'सातवा मजला, लिफ्ट बंद'.
रात्री सव्वादोनची पाजायची वेळ,
ती माझ्या डाव्या कुशीत,
म्हणून डावा कान तिच्यासाठी मोकळा.
उजव्यात ही पोरं.
एक गिटार, एक बसका आवाज,
ओळ संपायच्या आतच सोडून देणारा,
आणि मधे मधे लांबलचक काहीच नाही.
त्या काहीच-नाहीवर माझा जीव जडला.
वाटायचं, काय धीर आहे पोरांना, एवढं थांबायचा.
तेवढ्यात मी तिला खांद्यावर घ्यायची,
ढेकराची वाट बघायची.
एखादा ट्रक साताऱ्याकडे जायचा.
असे आठ महिने.

परवा आई आली. म्हणाली, दे इकडे,
जा, सावकाश अंघोळ कर.
मी अंघोळ केली नाही.
जिन्यात बसले आणि दोन्ही कानांत घातलं.

डावीकडे क्लॅरिनेट!
लग्नाच्या बँडमध्ये असतो तसा, जरा फाटका, बडबड्या,
दिसेल ती रिकामी जागा भरत सुटलेला.
पहिल्या रात्रीपासून तो तिथंच होता.
मी पायरीवर एकटीच हसत बसले.
वरच्या कुलकर्णी काका वळसा घालून गेले.

वाईट वाजवत नाही तो.
खरं तर त्या पोरांत वाजवणारा तोच.
तरी दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर
मी डावा कान काढून मुठीत धरला
आणि उरलेलं तसंच ऐकलं.
दाराच्या फटीतून आई तिला
पालीची शेपटी कुठे गेली ते सांगत होती.

तर जुईली, यादी अशी.
दहा जमले नाहीत.
आठवा आहे, त्याला नाव नाही. पहिला आहे, तो अर्धा.
क्लॅरिनेटवाला तुझ्या ओळखीचा, म्हणाली होतीस मागे,
त्याला माझ्याकडून सॉरी सांग.
तुझी यादी पाठव.
भांडायला गुरुवारी दुपारी
अकरा मिनिटं आहेत.